एका शनिवारी चार रविवार

माझ्या बाबांचे चार रविवार मी एका शनिवारी दुपारी उरकत असे. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. पुढे लिहिताना स्वतःची बाजू मांडायचा मोह होणार आहे, मी मला चांगला ओळखतो. तेव्हा निदान वर हे लिहिलेलं दिसत राहील.

सुरुवात ‘आयर्न अवर’पासून करायला हवी. हा कार्यक्रम आता कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात, बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये त्याचं शूटिंग व्हायचं. आठवड्याला एक तास, तीन-चार कुस्त्या, आणि मधे मधे पैलवानांनी माइक धरून एकमेकांना दिलेल्या धमक्या. कार्यक्रमाला स्वतःचं चॅनेल नव्हतं. टेप तयार करायच्या आणि गावोगावच्या टीव्ही स्टेशनांना विकायच्या. मग ज्याने त्याने आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या जाहिराती घालून त्या दाखवायच्या. कुठे शनिवारी सकाळी कार्टूननंतर, कुठे चर्चच्या कार्यक्रमाआधी. अशा हातोहात फिरत त्या टेप सिंगापूरच्या कुठल्याशा कंपनीमार्फत पुण्यात आमच्या बिबवेवाडीच्या केबलवाल्याकडे पोचेपर्यंत सात-आठ महिने उलटलेले असत. आमच्याकडे आयर्न अवर रविवारी सकाळी साडेदहाला लागे.

माझे बाबा, हेमचंद्र, टेलिफोन खात्यात टेक्निशियन होते. त्र्याण्णव साली, मी नऊ वर्षांचा असताना, एका रविवारी ते टीव्ही बंद करायला म्हणून आले आणि उभ्याउभ्याच अर्धा तास बघत राहिले. पुढच्या रविवारी खुर्ची घेऊन बसले. तिसऱ्या रविवारी खात्यातून आणलेलं एक जुनं रजिस्टर मांडीवर होतं. भाग क्रमांक, तारीख, कोण विरुद्ध कोण, निकाल, आणि शेवटी ‘शेरा’ असे आखलेले रकाने. बाबा कशातही रमले की आधी रकाने आखत. आई स्वयंपाकघरातून विचारायची, संपली का मारामारी, आणि बाबा हात वर करून तिला थांब म्हणायचे. असे दोनशे बारा भाग त्या रजिस्टरमध्ये आहेत. दोनशे तेरावा लागलाच नाही. त्या रविवारी साडेदहाला तिथे भाजी चिरायच्या यंत्राची जाहिरात होती.

मी अकरा वर्षांचा असताना बाबांना एक शोध लागला. मॅड मलोनी नावाचा माझा लाडका पैलवान होता, लाल दाढीवाला. एका भागात त्याच्या कपाळावर खोक पडली. पुढच्या तिन्ही आठवड्यांत ती खोक तशीच ताजी. शिवाय तिसऱ्या रांगेत पिवळी टोपी घातलेली एक बाई चारही आठवडे त्याच खुर्चीत, त्याच कपड्यांत, हातात तोच मक्याच्या लाह्यांचा डबा. बाबांनी मला रजिस्टर दाखवलं. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘चारही भाग एकाच संध्याकाळी काढलेले दिसतात. पैलवान फक्त चड्ड्या बदलतात.’

मला रडू आलं. दर आठवड्याला मलोनी माझ्यासाठी नव्याने रिंगमध्ये उतरतो असा माझा समज होता. मी म्हणालो, हे फसवतात आपल्याला.

बाबा म्हणाले, “फसवणूक कसली त्यात? त्यांना तीनशे गावांना पोचायचंय. दर आठवड्याला खरंच एवढा मार खाल्ला तर माणूस मरेल की. आपण बघायचं, आणि कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही.”

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी डोळे पुसून पुढचा भाग बघायला बसलो.

आता सिडनी. दोन हजार अकरात मी स्किल्ड व्हिसावर इथे आलो. वेंटवर्थव्हिलला घर, बायको मंजिरी, मुलगी ओवी. आई दोन हजार सोळात गेली आणि बाबा बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. माझी थोरली बहीण सुनीती, म्हणजे ताई, चिंचवडला, सासूबाई आणि नोकरी सांभाळून. वीस का पंचवीस किलोमीटर, पण पुण्यातले.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये जग बंद झालं तेव्हा बाबा सत्त्याहत्तरचे होते. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांचे कान गेले होते. फोनवर त्यांना माझं काही कळत नसे, व्हिडिओ कॉलवर ते नुसते हात हलवत. मग मला एक कल्पना सुचली, आणि ती कल्पना चांगली होती एवढं म्हणायची परवानगी मी स्वतःला देतो. मी दर रविवारी दहा मिनिटांचा व्हिडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, पुण्याच्या घड्याळात बरोबर साडेदहाला. ते आवाज मोठा करून हवा तेवढ्या वेळा ऐकू शकत. उत्तर म्हणून ते व्हॉइस मेसेज पाठवत. विषय ठरलेला: आम्ही दोघांनी मिळून आयर्न अवरचा इतिहास लिहायचा. मी एक छोटी वेबसाइट काढली. बाबांनी रजिस्टर काढलं.

किती मजा आली त्या वर्षी. मी व्हिडिओत विचारायचो, बाबा, शंभरावा भाग कधीचा, कॅप्टन ग्रॅनाइट पहिल्यांदा कधी आला. ते रजिस्टर बघून उत्तर द्यायचे. ओहायोतला एक निवृत्त पोस्टमन आणि मनिलातली एक शिक्षिका आमच्या साइटवर येऊन वाद घालायचे. वादातून कळलं की आमचे सगळ्यांचेच क्रम बरोबर होते. प्रत्येक देशाला टेप वेगळ्या क्रमाने गेल्या होत्या. मनिलात आधी मलोनी मेल्याचं नाटक दिसलं आणि नंतर तो पहिल्यांदा रिंगमध्ये आला. बाबा या शोधाने इतके खूश झाले की त्यांनी चार मिनिटांचा मेसेज पाठवला, त्यातली दोन मिनिटं नुसती हसण्याची. आणखी एक गंमत कळली. तेच पैलवान एका पडद्यासमोर उभे राहून एका दमात तीस शहरांसाठी आरोळ्या द्यायचे. येत्या शुक्रवारी भेटू, डेटन. येत्या शुक्रवारी भेटू, टोलेडो. बाकी वाक्य तेच, फक्त गावाचं नाव बदलायचं.

असे चव्वेचाळीस रविवार मी खरे केले. पाच एप्रिलपासून एकतीस जानेवारीपर्यंत, एकही न चुकवता.

आणि मग मी कंटाळलो. दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं, मला सापडलं नाही. दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला सिडनीत कोविड जवळजवळ नव्हताच. हॅरिस पार्कला जेवायला गेलं तर टेबलासाठी थांबावं लागत होतं. आमच्या मराठी ग्रुपने रविवारी दुपारी पार्कमध्ये टेनिस बॉल क्रिकेट सुरू केलं होतं आणि मला फिल्डिंगला उभं राहून घड्याळ बघायचं नव्हतं. एवढंच.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी चार शर्ट काढून ठेवले. निळा, पांढरा, हिरवा, पिवळा. डायनिंग टेबलाशी बसून एकामागून एक चार व्हिडिओ केले. आधीच्या दिवशी कांदा चिरताना अंगठा कापला होता, त्यावर ओवीची चांदण्या असलेली पट्टी लावलेली होती. दर व्हिडिओत मी म्हणायचो, “तुमचा मेसेज ऐकला, बाबा. छान वाटलं. असंच चालू द्या.” मेसेज यायचा होता अजून.

ओवी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “डॅड, दॅट्स चीटिंग.”

मी म्हणालो, “नाही गं, प्रोडक्शन म्हणतात याला. मोठ्या शोमध्ये असंच करतात.”

नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही. मलाही दिसत होतं. मी हसलोसुद्धा, बाबांना हे सांगितलं तर त्यांना किती आवडेल म्हणून. सांगितलं मात्र नाही. व्हिडिओ आपोआप जावेत म्हणून छोटासा प्रोग्राम लिहिला, दर रविवारी ठरलेल्या वेळी एक. नोकरीत मी हेच करतो, माणसाने करायचं काम यंत्राला लावून देतो, आणि त्याबद्दल मला दर वर्षी बढतीची पत्रं मिळतात.

फेब्रुवारीत बाबांचे मेसेज मी गाडीतून जाताना दुप्पट वेगाने ऐकत होतो. त्यातल्या एकात त्यांनी विचारलं होतं, अंगठ्याला काय झालं. ऐकलं आणि विसरलो. मार्चची तुकडी केली, तेच चार शर्ट, त्याच क्रमाने. मार्चपासून मेसेज ऐकणंही राहू लागलं. आज रात्री ऐकू, वीकएंडला एकदम ऐकू. ते एकाखाली एक साठत गेले.

एप्रिलची तुकडी इस्टरच्या शनिवारी केली.

चौदा एप्रिलला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बाबांचा मेसेज आला. एक मिनिट बावन्न सेकंद. तो बुधवार होता, आणि बाबा कधीही बुधवारी मेसेज पाठवत नसत. एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो. मनात म्हटलं, रजिस्टरमधली काहीतरी दुरुस्ती असेल.

अठरा तारखेला, रविवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे पुण्यात साडेदहाला, मी पार्कमध्ये मिड-ऑनला उभा असताना माझ्या कॉम्प्युटरने बाबांना हिरव्या शर्टातला मी पाठवला. त्यात मी म्हणत होतो: तुमचा मेसेज ऐकला, बाबा. छान वाटलं. असंच चालू द्या.

सोमवारी ताईचा फोन आला. शेजारच्यांनी तिला कळवलं होतं की दार उघडायला काका फार वेळ लावतायत. ती पोचली तेव्हा बाबा खुर्चीत बसलेले होते आणि ऑक्सिजन ब्याऐंशी होता. ताप सात दिवसांचा. तो आठवडा पुण्यात कसा होता हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी सांगायला नको. सात ठिकाणी नाही म्हटल्यावर रात्री एका ठिकाणी बेड मिळाला.

तिथल्या कॉरिडॉरमधून ताईने पुन्हा फोन केला. तिचा आवाज बसलेला होता.

“बाबा सारखं एकच म्हणतायत, यतीनला सांगितलंय. तुला माहीत होतं? मला का नाही कळवलंस?”

माझ्या हातात फोन होता आणि तो मेसेज समोर दिसत होता. न ऐकलेला.

मी म्हणालो, “हो गं ताई, सांगितलं होतं. पण साधा ताप म्हणाले. मला वाटलं, सीझनल असेल. सॉरी.”

ती म्हणाली, तुझं तरी काय चुकलं, ते आपल्याला थोडंच खरं सांगतात.

त्या रात्री मी तो मेसेज ऐकायला हवा होता. ऐकला नाही, आणि का ऐकला नाही ते सांगताना मला आजही मान वर करवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेला व्हॉइस मेसेज समोरच्याने ऐकला की आपल्याकडच्या त्या छोट्या माइकचा करडा रंग जाऊन निळा होतो. बाबांचा फोन आता ताईकडे होता. मी ऐकला असता तर तिला दिसलं असतं की तो आत्ता ऐकला जातोय. बाप ऑक्सिजनवर आणि मी पुराव्याचा विचार करत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला नुसतं खवखवत नव्हतं, मी हिशेबाने वागत होतो.

ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला तेव्हा सरकारची परवानगी लागे, तिच्यासाठी अर्ज केला. उत्तर यायच्या आत, चोवीस तारखेला शनिवारी पहाटे, बाबा गेले. नातेवाइकांना फोन करताना ताई प्रत्येकाला सांगत होती की यतीनला कळवलं होतं हो, पण साधा ताप म्हणाले, त्याला तिकडे बसून कसं कळणार. माझं खोटं ती माझ्या बाजूने घरोघर पोचवत होती. ती आत्याला हे सांगत असताना मी व्हिडिओ कॉलवर होतो. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पलंगावर पडून होतो, मंजिरी चहा ठेवून गेली होती. तीनला दोन मिनिटं कमी असताना मला प्रोग्राम आठवला. मी धावत गेलो, कॉम्प्युटर उघडेपर्यंत तीन वाजून गेले.

पुण्यात बाबांचा फोन ताईच्या हातात होता. त्यावरून ती बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांचे नंबर काढत होती. पिवळ्या शर्टातला मी आलो. नमस्कार बाबा, काय म्हणताय, आज एकदम फ्रेश दिसत असाल. तुमचा मेसेज ऐकला. छान वाटलं.

ताईचा फोन आला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “यतीन, हे काय आहे?”

मी सांगितलं. चार एकदम करायचो, प्रोग्राम होता, बंद करायचा राहिला. हे सांगताना मला किळस आली स्वतःची, पण त्यातही मी मेसेजबद्दल बोललो नाही. अर्धा गुन्हा कबूल करून उरलेला अर्धा मी झाकला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर चार महिने आमचं बोलणं फक्त कागदपत्रांपुरतं झालं.

जूनअखेर सिडनी बंद झालं. या वेळी आमचा पश्चिमेकडचा भाग सगळ्यात कडक. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर किराणा घ्यायला एकेकट्याने रांगेत उभं राहायचं. क्रिकेट बंद. रविवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे जगातला सगळा वेळ होता. वरातीमागून घोडं. मी त्याच टेबलाशी बसून एकाच गोष्टीवर डोकं आपटत होतो: अठरा तारखेला बाबांनी तो हिरव्या शर्टातला व्हिडिओ बघितला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांनी ताप सांगितला आणि मुलगा म्हणाला, छान वाटलं, असंच चालू द्या. हे त्यांनी खरं मानलं असेल, तर मुलाला आपलं काही पडलेलं नाही असं समजून ते गेले. आणि टेपचं त्यांना कळलं असेल, तर मुलगा आपल्याला तीन महिने फसवतोय हे समजून गेले. मी आलटून पालटून दोन्ही विचार करत असे. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नसे.

मंजिरीला मी एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताईंना सांग. मी म्हणालो, सांगतो. महिना गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये होती, मागे कपाटं उघडी, फरशीवर भांड्यांचे ढीग. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. तिच्या मांडीवर ते रजिस्टर होतं.

ती म्हणाली, “हे तुझं आहे असं वाटतंय मला. शेवटची पानं बघ.”

तिने पान कॅमेऱ्यापुढे धरलं. दोनशे बाराव्या भागानंतर एक पान कोरं सोडून बाबांनी नवीन रकाने आखले होते. वर लिहिलं होतं: ‘यतीनचे भाग.’ एकपासून क्रमांक, तारीख, विषय, शर्ट, शेरा. चव्वेचाळीसपर्यंत शेऱ्यात माझ्या प्रश्नांची उत्तरं, ओवीचा आवाज मागे ऐकू आला तर त्याची नोंद, एके ठिकाणी ‘दमलेला दिसतो’. मग ताईने पान उलटलं आणि स्वतःच वाचायला लागली.

“पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. एकाच दिवशी काढलेले. अंगठ्यावर तीच चांदण्यांची पट्टी. भिंतीवरचं ऊन पंचेचाळीसला खिडकीपाशी, अठ्ठेचाळीसला कपाटापर्यंत. युक्ती चांगली आहे. कळलंय हे कळू द्यायचं नाही.”

म्हणजे पहिल्या तुकडीपासून माहीत होतं.

ताई वाचत राहिली. एकोणपन्नास ते बावन्न, मार्च, तोच क्रम: निळा, पांढरा, हिरवा, पिवळा. त्रेपन्न निळा. चोपन्न पांढरा. पंचावन्न, अठरा एप्रिल, हिरवा. ते अक्षर खाली घसरलेलं होतं. त्याच्या खाली छप्पन्न, पंचवीस एप्रिल, आणि शर्टाच्या रकान्यात आधीच लिहून ठेवलेलं: पिवळा.

“पिवळाच आला,” ताई म्हणाली. मग तिने बोट एका रकान्यावर ठेवलं. “मला हे कळत नाहीये. मार्चपासून इथे एक नवीन कॉलम आहे. वर लिहिलंय, माझे मेसेज. आणि खाली दर ओळीत करडा, करडा, करडा. चौदा एप्रिलची वेगळी ओळ आहे, तिथेही करडा. हे काय आहे?”

टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. पलीकडे फोन उचलला गेला की नाही हे बघणं हेच त्यांचं काम होतं. मला कसं सुचलं नाही हे?

मी म्हणालो, “ताई, मी ऐकलेच नाहीत ते. मार्चपासून एकही नाही. तापाचाही नाही. साधा ताप म्हणाले, हे मी खोटं सांगितलं तुला. मला काही माहीतच नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे म्हणजे फोनकडे. मला वाटलं, आता ठेवेल. तिने उठून कुठूनतरी बाबांचा फोन आणला, चार्जरसकट, आणि तो रजिस्टरवर ठेवला.

“अजून ऐकला नाहीयेस?”

“नाही.”

“मग आत्ता ऐक. माझ्यासमोर.”

मी लॅपटॉपवर तिला ठेवून फोन हातात घेतला. चौदा एप्रिल, एक मिनिट बावन्न सेकंद. बोट लावलं.

बाबांचा आवाज थोडा घोगरा होता, पण तसा नेहमीचा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा.

“यतीन, बाबा बोलतोय. परवा रात्रीपासून ताप आहे, एकशे एक. खोकलाही आहे थोडा. सुनीतीला सांगितलं नाही, तिच्याकडे सासूबाई आहेत, ती ऐकायची नाही, धावत येईल. कुणाला तरी सांगून ठेवावं म्हणून तुला सांगतोय. तू लगेच ऐकणार नाहीस ते एक बरं आहे. तू ऐकशील तेव्हा मी ठणठणीत झालेलो असेन, म्हणजे तुला काळजी नको. आपल्या आयर्न अवरसारखंच. मलोनीचं डोकं फुटलेलं आपण बघायचो तेव्हा तिकडे तो बरा होऊन सहा महिने झालेले असायचे. तू उगाच रडायचास. बरं, साइटवर एकशे चाळिसाव्या भागात तू मलोनी हरला असं लिहिलंयस. तो जिंकला होता, माझ्याकडे नोंद आहे. तेवढं दुरुस्त कर. आणि अंगठ्याचं मी विचारलं होतं, ते तू अजून सांगितलं नाहीस. बरा झाला ना?”

मेसेज संपला. मी अंगठ्याकडे बघितलं. तिथे आता काही नव्हतं, बारीक पांढरी रेघ सोडली तर.

“झाला, बाबा,” मी म्हणालो. लॅपटॉपमध्ये ताई तोंडावर पदर धरून बसली होती. मांडीवरचा बाबांचा फोन उचलून तिने जवळ घेतला आणि बराच वेळ बघितला.

“निळा झाला,” ती म्हणाली.

मी तिला माफ कर म्हणणार होतो. तिने हात वर करून मला थांब म्हटलं, अगदी बाबांसारखं. तिने मला माफ केलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिने फोनही ठेवला नाही.

“अजून सहा आहेत,” ती म्हणाली. “मार्चपासून लाव. आणि वेग नेहमीचा ठेव.”